बोटाबरोबर येणारा नॉइज : कपॅसिटिव्ह टच सेन्सर शांत कसा करावा

टच पॅनेल टेबलावर अगदी नीट चालत असतं. बॅटरीवर ठेवलं तरी आकडे स्थिर, लॅपटॉपला जोडलं तरी स्थिर. मग त्यालाच एखादा साधा चार्जर लावला आणि बोट टेकवलं की एका बटणाबरोबर शेजारची दोन बटणंही लागतात, स्लायडर थरथरतो, बोट दाबून धरलेलं असताना टच मध्येच सुटतो. बोट उचललं की पुन्हा सगळं शांत.

हे लक्षण दिसलं की हात आपोआप फर्मवेअरमधल्या (चिपमधल्या प्रोग्राममधल्या) फिल्टरकडे जातो. एका पॅनेलवर मी आठवडाभर तेच केलं. सरासरी ८ नमुन्यांवरून ६४ नमुन्यांवर नेली. टच जड झाला, बटण दाबल्यावर प्रतिसाद यायला जाणवण्याइतका उशीर होऊ लागला, आणि चुकीचे टच मात्र होते तिथेच राहिले. कारण मी मोजत होतो तो बोट नसतानाचा नॉइज (आकड्यांतली नको असलेली हालचाल), आणि त्रास देणारा नॉइज बोटातून येत होता. ते मोजायला लागल्यावर काम दोन दिवसांत संपलं.

म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. आधी मोजमाप, मग नॉइजचं मूळ आणि ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू), मग बोर्ड, मग स्कॅनची, म्हणजे टच पुन्हा पुन्हा मोजण्याची, फ्रिक्वेन्सी, आणि फिल्टर त्यानंतर. वरच्या पायरीवर सुटलेली चूक खालच्या पायरीवर क्वचितच पूर्ण दुरुस्त होते.

बोटातून नॉइज येतो म्हणजे नेमकं काय होतं

सेल्फ कपॅसिटन्स प्रकारच्या सेन्सरमध्ये पॅड (काचेखालचा तांब्याचा तुकडा) आणि ग्राउंड यांच्यातला कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, मोजला जातो. बोट जवळ आलं की त्यात भर पडते. ही भर किती असते याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. १० मिलिमीटर व्यासाचा गोल पॅड आणि त्यावर ३ मिलिमीटर जाडीची काच घ्या. काचेचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (हवेच्या तुलनेत ती कपॅसिटन्स किती पट करते तो आकडा) ७ धरला तर समांतर पट्ट्यांच्या सूत्राने उत्तर येतं सुमारे १.६ पिकोफॅरड. काचेऐवजी तितक्याच जाडीचं ॲक्रिलिक घेतलं, स्थिरांक ३ धरला, तर जेमतेम ०.७ पिकोफॅरड. याउलट पॅड, ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) आणि चिपची पिन यांचा मिळून मूळ कपॅसिटन्स बहुतेक बोर्डांवर १० ते ३० पिकोफॅरडच्या घरात असतो. म्हणजे आपण शोधतोय तो बदल मूळ आकड्याच्या काही टक्केच आहे. म्युच्युअल प्रकारात दोन इलेक्ट्रोडमधला कपॅसिटन्स बोटामुळे कमी होतो, आणि तो बदल बहुधा एका पिकोफॅरडपेक्षाही लहान असतो.

आता चार्जरकडे येऊ. स्विचिंग चार्जरमध्ये प्रायमरी (विजेच्या जोडणीकडची) आणि सेकंडरी (आउटपुटकडची) बाजूंना जोडणारा एक वाय-कपॅसिटर सहसा असतो, साधारण १ ते २.२ नॅनोफॅरडचा. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमध्ये आपसांतला कपॅसिटन्स असतोच. या दोन वाटांनी स्विचिंगचे धक्के आउटपुटच्या दोन्ही तारांवर एकाच वेळी पोचतात. प्लस आणि मायनस बरोबरीने वर-खाली होत असल्यामुळे सर्किटला स्वतःला त्याचा पत्ता लागत नाही. पाच व्होल्ट पाचच दिसतात. पण जमिनीच्या तुलनेत अख्खं सर्किट काही व्होल्टने हलत असतं. हाच कॉमन मोड नॉइज.

बोट दूर असेपर्यंत या नॉइजला पॅडपर्यंत यायला वाटच नसते. माणसाचं शरीर मात्र जमिनीशी साधारण १०० ते २०० पिकोफॅरडने जोडलेलं असतं. बोटाच्या एक-दीड पिकोफॅरडपुढे ही जोडणी इतकी मोठी आहे की बोट म्हणजे जवळपास जमीनच. ते काचेवर टेकलं की वाट पुरी होते.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. चिप पॅडला ३.३ व्होल्टपर्यंत चार्ज करते असं धरू. बोटामुळे वाढलेला चार्ज १.६ गुणिले ३.३, म्हणजे ५.३ पिकोकूलोम. कॉमन मोड नॉइजही ३.३ व्होल्ट पीक-टू-पीक असेल, तर तो त्याच १.६ पिकोफॅरडमधून आत येतो आणि एका मोजमापात त्याचाही चार्ज ५.३ पिकोकूलोमपर्यंत जाऊ शकतो. सिग्नल जितका, नॉइज तितका.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मला स्वतःला फार उशिरा नीट कळली. पॅड मोठा केला किंवा काच पातळ केली की सिग्नल वाढतो हे खरं, पण बोटातून येणारा नॉइजही त्याच कपॅसिटन्समधून येत असल्याने तोही त्याच पटीत वाढतो. चिपचा स्वतःचा नॉइज किंवा पॉवर सप्लायवरचा रिपल (व्होल्टेजमधली बारीक लहर) त्रास देत असेल तर मोठा पॅड उपयोगी पडतो. चार्जरच्या नॉइजवर तो इलाज नाही. त्यामुळे आपला नॉइज कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

पायरी १ : चार स्थितींत मोजा

फर्मवेअरमधले सगळे फिल्टर बंद करा आणि प्रत्येक पॅडचे कच्चे आकडे साठवा. एका स्थितीत किमान १००० नमुने हवेत. स्थिती चार : बॅटरीवर बोट नसताना, बॅटरीवर बोट ठेवून, चार्जरवर बोट नसताना, चार्जरवर बोट ठेवून. प्रत्येक वेळी सरासरी आणि सगळ्यात मोठ्या-लहान आकड्यांतलं अंतर, म्हणजे पीक-टू-पीक नॉइज, लिहून ठेवा.

बोट ठेवल्यावरची सरासरी वजा बोट नसतानाची सरासरी हा झाला सिग्नल. त्याला पीक-टू-पीक नॉइजने भागलं की सिग्नल-नॉइज गुणोत्तर मिळतं. या क्षेत्रात किमान ५ ला १ हे गुणोत्तर मान्य धरलं जातं. पण भागताना नॉइज कोणत्या स्थितीतला घेता याला सगळं महत्त्व आहे. बऱ्याच ठिकाणी बोट नसतानाचा नॉइज घेतला जातो आणि गुणोत्तर वीस-पंचवीस दिसतं. चारही स्थितींमधला सगळ्यात वाईट नॉइज घ्या.

चार आकडे समोर आले की निदान बरंचसं होऊन जातं. बॅटरीवर, बोट नसतानाही आकडे हलत असतील तर दोष बोर्डावर किंवा चिपच्या सेटिंगमध्ये आहे. चार्जर लावताच बोट नसतानाही हलत असतील तर पॉवर सप्लायचा रिपल आत येतोय. फक्त चार्जर आणि बोट दोन्ही असताना हलत असतील तर तो कॉमन मोड. बॅटरीवर पण बोट ठेवल्यावरच हलत असतील तर शरीराने आसपासच्या तारांतून, दिव्यांतून उचललेली ५० किंवा ६० हर्ट्झची लहर किंवा जवळपासच्या एखाद्या उपकरणाचा नॉइज हे संशयित.

मोजताना तीन गोष्टींचं भान ठेवावं लागतं. पहिली, आकडे पाहण्यासाठी जोडलेली केबल स्वतःच मोजमाप बदलते. लॅपटॉप चार्जिंगला असेल तर त्याच्या चार्जरचा नॉइज आणि अर्थिंगची (जमिनीशी) जोडणी दोन्ही केबलमधून तुमच्या बोर्डाच्या ग्राउंडवर येतात. आकडे बोर्डाच्या मेमरीत साठवून नंतर काढा, बिनतारी पाठवा, नाहीतर मध्ये यूएसबी आयसोलेटर लावा. दुसरी, ऑसिलोस्कोपचा प्रोब पॅडवर टेकवू नका. दहापट प्रोबचाही कपॅसिटन्स १० पिकोफॅरडच्या आसपास असतो. बोटाच्या सहा-सातपट भार तुम्ही पॅडवर टाकलात, तर मग दिसतं ते तुमचं सर्किट नसतं. तिसरी गोष्ट जिवाची. काही उपकरणांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटर ड्रॉपरवरून थेट मेन्समधून (घरातल्या विजेच्या जोडणीतून) सप्लाय घेतलेला असतो. अशा बोर्डाचं ग्राउंड मेन्सशी जोडलेलं असतं. त्याला लॅपटॉप किंवा स्कोप जोडायचा नाही, उघड्या बोर्डाला हात लावायचा नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर हे काम करूच नये.

पायरी २ : नॉइज स्वतः घालून पाहा

चार्जर बदलत बसण्यापेक्षा खूप काही शिकवणारी एक चाचणी आहे, आणि तिला फक्त फंक्शन जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लहर देणारं यंत्र) लागतो. बोर्ड बॅटरीवर चालवा. ८ ते १० मिलिमीटर व्यासाची धातूची चकती पॅडच्या बरोबर वर काचेवर ठेवा. हे तुमचं कृत्रिम बोट. जनरेटरची सिग्नलची तार चकतीला, ग्राउंडची तार बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. ३ व्होल्ट पीक-टू-पीकची साइन लहर सोडा आणि फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत लहान लहान टप्प्यांनी वाढवत न्या. प्रत्येक टप्प्यावर पीक-टू-पीक नॉइज नोंदवा आणि आलेख काढा.

आलेखात बराचसा भाग सपाट दिसतो आणि मधेच सुळके उभे राहतात. हे सुळके तुमच्या स्कॅनच्या फ्रिक्वेन्सीवर आणि तिच्या पटींच्या आसपास असतात. तुमचा सेन्सर नेमका कुठे आंधळा आणि कुठे हळवा आहे हे या एका कागदावर दिसतं. पुढे केलेल्या प्रत्येक बदलानंतर हा आलेख पुन्हा काढून शेजारी ठेवा. कोणता बदल खरंच उपयोगी पडला हे ताडून पाहण्याचा इतका प्रामाणिक मार्ग दुसरा मला माहीत नाही.

सुळका अरुंद असू शकतो, म्हणून टप्पे मोठे घेतले तर तो हुकतो. स्कॅनच्या फ्रिक्वेन्सीच्या जवळ टप्पे शंभर-दोनशे हर्ट्झपर्यंत बारीक करा.

पायरी ३ : मुळाशी आणि ग्राउंडपाशी

चार्जर तुमच्याच उत्पादनाबरोबर जाणार असेल तर कमी कॉमन मोड नॉइज असलेला निवडा. पुढचं निम्मं काम वाचतं. ग्राहक हाताला येईल तो चार्जर लावणार असेल तर निवड तुमच्या हातात नाही. मग बोर्डावर जिथे सप्लाय आत येतो तिथेच कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवर एकदम येणारा नॉइज अडवणारी कॉइल) लावा. उपकरणाला धातूची चौकट असेल आणि अर्थची पिन उपलब्ध असेल तर ग्राउंड तिथे कमी अंतराने, रुंद पट्टीने जोडलं की फरक लगेच दिसतो.

टच चिपला स्वतंत्र रेग्युलेटर द्यावा. एकाच ३.३ व्होल्टच्या रेषेवर एलईडी, रिले, वायफाय मॉड्यूल आणि टच चिप असेल तर त्यातला प्रत्येक जण स्विच होताना टचच्या आकड्यात उमटतो. लहानसा लिनियर रेग्युलेटर, त्याच्या आधी फेराइट बीड (उच्च फ्रिक्वेन्सी अडवणारा छोटा भाग), आणि चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर एवढं बहुतेकदा पुरतं. हा कपॅसिटर पिनपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवा. दूर लावलेला कपॅसिटर सर्किटच्या नकाशावर दिसतो, काम करत नाही.

पायरी ४ : बोर्ड

इथे वेळ द्या, कारण बोर्ड एकदा छापून आला की या चुका दुरुस्त करायला नवा बोर्डच लागतो.

पॅडच्या खाली ग्राउंड ठेवायचं की नाही, हा नेहमीचा वाद. उत्तर बोर्डाच्या थरांवर अवलंबून आहे. दोन थरांच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डावर, १० मिलिमीटरच्या पॅडखाली सलग ग्राउंड ठेवलं तर त्याने वाढणारा कपॅसिटन्स साध्या सूत्राने २ पिकोफॅरडच्याही आत येतो. चालून जातं. पण चार थरांच्या बोर्डावर वरच्या आणि दुसऱ्या थरात अंतर ०.२ मिलिमीटर असेल, तर तोच आकडा १५ पिकोफॅरडच्या घरात जातो आणि बोटाचा सिग्नल त्यात बुडतो. म्हणून चार थरांच्या बोर्डावर पॅडखालच्या आतल्या थरांतलं तांबं काढून टाका आणि ग्राउंड फक्त सगळ्यात खालच्या थरावर ठेवा.

सलग तांब्याऐवजी जाळीदार ग्राउंड ठेवणं हा चांगला मध्यममार्ग आहे. वरच्या बाजूला ०.१८ मिलिमीटरच्या रेषा १.१४ मिलिमीटर अंतराने, म्हणजे सुमारे २५ टक्के तांबं. खालच्या बाजूला त्याच रेषा १.७८ मिलिमीटर अंतराने, म्हणजे सुमारे १७ टक्के. हे आकडे टच चिपच्या उत्पादकांच्या मार्गदर्शनात आढळतात आणि मला ते नेहमी नीट लागू पडले आहेत. पॅडभोवती अर्धा ते एक मिलिमीटर जागा मोकळी सोडा.

पॅडपासून चिपपर्यंतचा ट्रेस अरुंद, आखूड आणि शक्यतो बोट लागतं त्याच्या उलट्या बाजूने न्या. वरच्या बाजूने नेलेला ट्रेस स्वतःच एक लांबट पॅड होतो. त्यावरून बोट गेलं तरी बटण लागतं. घड्याळाच्या (क्लॉक सिग्नलच्या), डेटाच्या किंवा पीडब्ल्यूएमच्या (वेगाने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलच्या) रेषेला समांतर चालवू नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात आणि वेगळ्या थरावर ओलांडा.

एलईडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हा दोष फार फसवा आहे. पॅडच्या शेजारी किंवा मधोमध एलईडी असतो. तो चालू असताना त्याची एक बाजू ट्रान्झिस्टरने ग्राउंडला धरलेली असते. बंद झाला की ती बाजू तरंगती राहते. पॅडच्या दृष्टीने शेजारचं ग्राउंड अचानक आलं आणि गेलं. बोट ठेवलं, एलईडी लागला, त्यामुळे आकडा बदलला, टच सुटला, एलईडी विझला, पुन्हा टच लागला. बटण लुकलुकत राहतं आणि आपण चार्जरला दोष देत बसतो. एलईडीच्या तरंगत्या टोकापासून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की त्या टोकाची स्थिती टचच्या फ्रिक्वेन्सीवर दोन्ही वेळा सारखीच राहते. दोष तिथल्या तिथे जातो.

पॅडवर पाणी पडण्याचा संभव असेल किंवा ट्रेस लांब असतील तर ड्रिव्हन शील्ड वापरा, म्हणजे पॅडभोवतीच्या तांब्याला ग्राउंडऐवजी पॅडसारखीच लहर द्या. दोघांमध्ये व्होल्टेजचा फरक नसल्याने मधला कपॅसिटन्स जवळपास नाहीसा होतो. सोय चिपमध्येच असेल तर ती चालू करायला कचरू नये.

पायरी ५ : काच आणि पॅड यांच्यातली हवा

छोटी पायरी आहे, पण टाळू नका. हवेचा डायलेक्ट्रिक स्थिरांक १ असल्याने ०.३ मिलिमीटर हवेची फट म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने २.१ मिलिमीटर जादा काच. त्याहून वाईट म्हणजे काच दाबली की फट बदलते आणि आकडे डोलतात. हा नॉइज विजेचा नसून यांत्रिक आहे, आणि कोणताही इलेक्ट्रॉनिक उपाय त्याला लागू पडत नाही. पॅनेल पातळ दुतर्फी टेपने, बुडबुडे न राहू देता चिकटवा. बोर्ड काचेपासून लांब असेल तर मध्ये धातूची स्प्रिंग वापरा. सैल लोंबणारी तार पॅड म्हणून कधीच नको.

पायरी ६ : ट्रेसमध्ये रेझिस्टर

प्रत्येक पॅडच्या ट्रेसमध्ये चिपच्या पिनपासून १० मिलिमीटरच्या आत एक रेझिस्टर लावा. ५६० ओहमपासून १० किलोओहमपर्यंतची मूल्यं वापरात आहेत. चिपच्या माहितीपत्रकातल्या मूल्यापासून सुरुवात करा. पॅडच्या कपॅसिटन्सबरोबर हा रेझिस्टर लो-पास (उच्च फ्रिक्वेन्सी गाळणारा) फिल्टर होतो. २० पिकोफॅरड धरले तर ५६० ओहमला कटऑफ (गाळणं सुरू होतं ती फ्रिक्वेन्सी) १४ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, १० किलोओहमला सुमारे ८०० किलोहर्ट्झ.

यावरून दिसतं की १०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या चार्जरच्या नॉइजवर या रेझिस्टरचा काही परिणाम नाही. त्याचं काम वेगळं आहे. मोबाइलचं ट्रान्समिशन, रेडिओ लहरी, स्थिर विजेचे झटके ट्रेसवर आले की चिपमधले संरक्षक डायोड त्यांचं रेक्टिफिकेशन (एकाच दिशेच्या प्रवाहात रूपांतर) करतात आणि आकडा एकदम एका बाजूला सरकतो. रेझिस्टर ते थोपवतो.

मूल्य वाढवायचं तर एक तपासणी करा. स्कॅनचं घड्याळ निम्म्या वेगाने चालवा. आकडे ठळकपणे बदलले तर आधीच्या वेगाला पॅड पूर्ण चार्ज होत नव्हता, म्हणजे रेझिस्टर जास्त झाला.

पायरी ७ : स्कॅनची फ्रिक्वेन्सी

चार्जरच्या नॉइजवरचा खरा उपाय इथे आहे.

स्कॅन १०० किलोहर्ट्झने चाललंय आणि चार्जरच्या नॉइजचा एक घटक १००.०२ किलोहर्ट्झवर आहे असं समजा. प्रत्येक नमुना नॉइजच्या लहरीवर जवळपास त्याच जागी घेतला जातो आणि दर नमुन्याला ती जागा किंचित पुढे सरकते. आकड्यांमध्ये दिसते ती २० हर्ट्झची संथ लहर. ती हुबेहूब बोट आल्या-गेल्यासारखी असते. एकदा नमुने घेऊन झाले की ही लहर आणि खरं बोट यांना वेगळं करणारा फिल्टर नाही, कारण दोघांची चाल सारखीच आहे. माझे ६४ नमुने याच कारणाने वाया गेले होते.

आता स्कॅन ११० किलोहर्ट्झवर न्या. तोच नॉइज आता सुमारे १० किलोहर्ट्झची लहर होऊन दिसतो. १०० नमुन्यांची सरासरी घेतली तर त्याला ०.९१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात त्या लहरीची नऊ आवर्तनं पूर्ण होतात आणि वर-खाली मिळून जवळपास शून्य उरतं. काही जोडलं नाही, काही खर्च झालं नाही. फक्त घड्याळ हललं.

अडचण अशी की चार्जरची फ्रिक्वेन्सी भारानुसार आणि चार्जरनुसार बदलते. म्हणून एका फ्रिक्वेन्सीवर भिस्त न ठेवता तीन घ्या, उदाहरणार्थ ९२, ११० आणि १२७ किलोहर्ट्झ. एकमेकींच्या सोप्या पटीत नसलेल्या निवडा, नाहीतर नॉइजच्या एकाच घटकाच्या हार्मोनिक्स (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) दोन ठिकाणी बसतात. दर फेरीला प्रत्येक पॅड तिन्हींवर मोजा आणि तीन उत्तरांपैकी मधलं घ्या. एका फ्रिक्वेन्सीवर नॉइज बसला तरी मधलं उत्तर शाबूत राहतं.

यात एक बारकावा हमखास विसरला जातो. तिन्ही फ्रिक्वेन्सींना बोट नसतानाचे आकडे वेगवेगळे येतात. त्यामुळे प्रत्येक फ्रिक्वेन्सीची बेसलाइन (बोट नसतानाचा आधारभूत आकडा) स्वतंत्र ठेवायची, तिच्यातून फरक काढायचा, फरक एकाच मापावर आणायचा, आणि मग मधला निवडायचा. कच्च्या आकड्यांतला मधला निवडलात तर नवाच नॉइज तयार होतो. चिपमध्ये स्प्रेड स्पेक्ट्रमची (स्कॅनची फ्रिक्वेन्सी सतत किंचित बदलत ठेवण्याची) सोय असेल तर तीही चालू करा. ती सुळका मोडून पसरवते आणि मग सरासरीला काम करता येतं.

पडद्याचा किंवा मोटरचा नॉइज आपल्याच उपकरणात तयार होत असेल तर त्याची वेळ आपल्याला माहीत असते. पीडब्ल्यूएम स्थिर असलेल्या खिडकीत, पडद्याच्या ब्लँकिंगमध्ये (चित्र काढणं थांबलेल्या क्षणांत) किंवा डेटाची बस शांत असताना स्कॅन करा.

मोठ्या रेझिस्टरमधून पॅड सावकाश चार्ज करून लागलेला वेळ मोजण्याची पद्धत छंद म्हणून केलेल्या प्रकल्पांत फार दिसते. १ मेगाओहम आणि २० पिकोफॅरड म्हणजे २० मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. इतका वेळ पॅड जवळजवळ मोकळा सोडलेला असतो आणि मेन्सची लहर सहज उचलतो. पद्धत बदलता येत नसेल तर नमुने ५० हर्ट्झच्या एका पूर्ण आवर्तनावर, २० मिलिसेकंदांवर, समान अंतराने पसरून सरासरी घ्या. ५० आणि ६० हर्ट्झ दोन्हीकडे चालायला हवं असेल तर १०० मिलिसेकंदांत पहिल्याची पाच आणि दुसऱ्याची सहा आवर्तनं पूर्ण होतात.

पायरी ८ : फिल्टर

आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर फिल्टरला थोडंच काम उरतं. क्रम एवढा पाळा : आधी मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा), मग सरासरी प्रकारचा. एखादाच उडालेला नमुना तीन नमुन्यांचा मीडियन पूर्ण गाळतो. तोच नमुना आधी सरासरीत गेला तर पुढच्या सगळ्यांना थोडा थोडा चिकटतो.

त्यानंतर पहिल्या दर्जाचा आयआयआर फिल्टर : नवं उत्तर म्हणजे जुनं उत्तर अधिक फरकाचा एक अष्टमांश. यादृच्छिक नॉइज यामुळे सुमारे एक चतुर्थांशावर येतो, पण बोट आल्यावर ९० टक्के उंची गाठायला १७-१८ नमुने लागतात. दर १० मिलिसेकंदांनी नमुना येत असेल तर हा उशीर १७० मिलिसेकंदांचा, आणि तो बोटाला जाणवतो. एक चतुर्थांश घेतलात तर ८० मिलिसेकंद. मी बटणांसाठी एक चतुर्थांशाच्या पुढे जात नाही. तेवढ्याने भागत नसेल तर मागच्या पायरीवर परततो.

पूर्णांकात गणित करताना फरक ८ पेक्षा लहान असला की भागाकार शून्य येतो आणि फिल्टर अडकून बसतो. अंतर्गत उत्तर १६ ने गुणून साठवा, वापरताना भागा.

पायरी ९ : बेसलाइन आणि थ्रेशोल्ड

तापमान आणि दमट हवा यांनी आकडे हळूहळू सरकतात, म्हणून बेसलाइन त्यांच्यामागे सरकली पाहिजे. पण बोट असताना ती सरकता कामा नये, नाहीतर दाबून धरलेलं बटण आपोआप सुटतं. यासाठी नॉइज थ्रेशोल्ड (उंबरठ्याचा आकडा) ठेवतात : फरक त्याच्या खाली असेल तरच बेसलाइन हलू द्यायची. बोटाच्या सिग्नलच्या ४० टक्क्यांवर नॉइज थ्रेशोल्ड, ८० टक्क्यांवर टच थ्रेशोल्ड आणि १० टक्के हिस्टेरेसिस (टच थ्रेशोल्डच्या दोन्ही बाजूंना ठेवलेलं अंतर) ही चांगली सुरुवात आहे. म्हणजे सिग्नल १०० असेल तर टच ९० ला लागेल आणि ७० ला सुटेल. सलग तीन फेऱ्या टच दिसला तरच मान्य करा.

सुरू होताना बोट पॅडवरच असेल तर बेसलाइन चुकीच्या उंचीवर बसते आणि बोट उचलल्यावर फरक उलट्या बाजूला जातो. असा उलटा फरक काही फेऱ्या टिकला तर बेसलाइन लगेच नव्याने घ्या. ही ओळ फर्मवेअरमध्ये नसल्यामुळे ‘बटण मेलं’ अशा तक्रारी येतात.

शेवटची तपासणी

जनरेटरची चाचणी पुन्हा करा आणि आलेख पायरी २ मधल्या कागदाशेजारी ठेवा. सुळके गेलेले किंवा बुटके झालेले दिसले पाहिजेत. मग जमतील तितके वेगवेगळे चार्जर, प्रत्येक रिकामा आणि पूर्ण भारावर. कोरडं बोट, ओलं बोट, सगळा तळहात. बोट नसलेल्या पॅडांचे आकडेही त्याच वेळी पाहा. शेजारच्या पॅडवर चढणारा नॉइज तिथेच सापडतो.

प्रमाणित चाचणी करायची असेल तर वाहक मार्गाने येणाऱ्या नॉइजसाठी आयईसी ६१०००-४-६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झ. स्थिर विजेसाठी ६१०००-४-२. प्रयोगशाळेत जाण्याआधी तिथल्यासारखाच नॉइज बोट ठेवलेल्या पॅडवर घालून पाहिलेला असावा. चाचणीच्या वेळी पॅडवर कृत्रिम बोट ठेवायला आधीच सांगा, कारण मोकळ्या पॅडवर उत्तीर्ण झालेला सेन्सर वापरात काय करेल हे त्या निकालातून कळत नाही.

आणि हे सगळं एकाच नमुन्यावर करून थांबू नका. किमान पाच बोर्ड घ्या, त्यांवर वेगवेगळ्या वेळी चिकटवलेली काच असू द्या, आणि थ्रेशोल्ड त्यातल्या सगळ्यात कमी सिग्नल देणाऱ्या बोर्डावरून ठरवा. पुढे काचेची जाडी, टेप किंवा चार्जर यांपैकी काहीही बदललं तर पायरी १ मधले चार आकडे पुन्हा मोजावे लागतात.